चौसष्टचे बत्तीस

धरणगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे चार-पाच जण असतील, पण ‘कॉम्प्युटरवाला’ म्हटलं की लोक योगराजच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. आणि बोट दाखवता दाखवता हेही सांगायचे, की माणूस कामाला पक्का आहे, फक्त त्याच्याशी वाद घालू नका.

त्याच्या रागाचे किस्से गावात चवीने सांगितले जायचे. एका किराणा दुकानदाराने प्रिंटर दुरुस्तीला टाकला आणि घ्यायला आल्यावर म्हणाला, "कालपर्यंत चालू होता, तूच काहीतरी करून ठेवलं असशील." योगराजने तो प्रिंटर दोन्ही हातांनी उचलला, दुकानाबाहेरच्या गटारीत फेकला आणि म्हणाला, "हाई मी करं. आते बोल." दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दुकानातला नवा प्रिंटर त्या माणसाच्या घरी नेऊन बसवून आला, पाणीसुद्धा न पिता. रिक्षावाल्याने मोटारसायकलला घासलं म्हणून भर स्टँडवर त्याचे दोन दात पाडले, आणि मग त्यालाच गाडीवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. लोक यावर पोट धरून हसायचे. हसणाऱ्यांपैकी कुणाचे दात गेले नव्हते, तेव्हा हसायला त्यांचं काय जात होतं!

बाप शालिग्राम मार्केटात हमाली करायचा आणि घरी आला की हातात येईल त्याने पोरांना झोडपायचा. योगराज त्या मारातून शिकला, कॉम्प्युटरचा कोर्स केला, दुकान टाकलं, चार पैसे मिळवले. मार मात्र अंगात राहिला. हे त्याच्या बाजूने बोलायचं म्हणून सांगितलेलं नाही. असा मार धरणगावात पुष्कळांनी खाल्ला आहे आणि त्यातले पुष्कळ जण आज कुणावर हात उगारत नाहीत.

त्याची बायको पुनम धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडची. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी जेवणाचं ताट भिंतीवर गेलं आणि त्याची कड पुनमच्या कपाळाला लागली. ती माहेरी काही बोलली नाही, पण आईला, ताईबाईला, कपाळ दिसलं. तिने आरडाओरडा केला नाही. तिने आपला मुलगा प्रेमराज जावयाकडे पाठवून दिला. "आयटीआय करेल शे, बठा ऱ्हास घरमा, तुमना हाताखाले काम शिकी," असं तोंडाने म्हणाली. खरं कारण योगराजसकट सगळ्यांना कळलं होतं.

प्रेमराज तिशीचा, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. घरात दाजींचा आवाज चढला की तो बाहेरच्या खोलीतून उठायचा, दोघांच्या मध्ये येऊन उभा राहायचा आणि बहिणीकडे चहा मागायचा. एवढंच. पुनम चहा ठेवायला आत जायची आणि योगराजचा हात तसाच खाली यायचा. गंमत अशी, की हा मधे उभा राहणारा माणूस योगराजला मनापासून आवडायला लागला. जगात एवढ्या एकाच माणसावर आपला राग चालत नाही, याचं त्याला बरं वाटायचं.

गावाबाहेरच्या रस्त्यावर मोतीलाल शेठची जिनिंग मिल आहे. कपाशीचे ट्रॅक्टर गेटातून आत येतात, काट्यावर चढतात, वजनाची पट्टी निघते, माल खाली होतो, सरकी आणि रुई वेगळी होऊन गाठी बांधल्या जातात. हा सगळा कारभार एका सर्व्हरवर चालायचा. काट्याचं वजन, गाठींचे नंबर, बिलं, आणि शेठच्या मुलाने, जितेंद्रने, हौसेने जोडलेले गेटावरचे कॅमेरे. सर्व्हर योगराजनेच बसवला होता. चौसष्ट जीबी मेमरी, रॅमच्या आठ पट्ट्या. तालुक्यात असं मशीन दुसरं नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

मोतीलाल शेठ जुन्या वळणाचे. दसऱ्याला जिनिंगच्या मशीनवर नारळ फोडायचा, आणि एकदा नारळ फुटला की सीझन सरेपर्यंत ते मशीन कारणाशिवाय बंद करायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी त्यालाही हळदकुंकू लावलं, त्याच्यापुढेही नारळ फोडला आणि तीच रीत त्यालाही लावून टाकली. जितेंद्र हसला, पण योगराजला ते पटलं. चालतंय ते चालू द्यावं, हे कुठल्याही मेकॅनिकला पटतंच.

त्या साली दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, योगराज दुकानात बसल्या बसल्या आपल्या लॅपटॉपवर मिलच्या सर्व्हरची तब्येत बघत होता. त्या मशीनला तशी सोय होती. लांबून बघता यायचं, काही गोष्टी लांबूनच बदलताही यायच्या. रॅमच्या एका पट्टीपुढे पिवळी खूण दिसली. पट्टीत काहीतरी चुकलं होतं आणि मशीनने आपलं आपण दुरुस्त केलं होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण सीझन तोंडावर होता. मेन्यूत मेमरीच्या खाली ‘मिरर’ नावाची एक सेटिंग होती. ती लावली की मशीन प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी लिहितं. एक पट्टी गेली तरी दुसरीत जशीच्या तशी नक्कल असते. योगराजला वाटलं, झकास. त्याने ती लावली. नक्कल ठेवायची म्हणजे निम्मी मेमरी त्या नकलेतच अडकणार आणि चौसष्टातले बत्तीसच कामाला उरणार, एवढा साधा हिशेब त्याने त्या क्षणी केला नाही. पडद्यावर ओळ आली, की हा बदल मशीन पुढच्या वेळी बंद करून चालू कराल तेव्हा लागू होईल. तेवढ्यात पुनमचा फोन आला, पूजेला उशीर होतोय, झेंडूची फुलं घेऊन या. त्याने लॅपटॉप मिटला आणि फुलं आणायला गेला.

बदल तसाच मशीनच्या पोटात बसून राहिला. दुसरीकडे कुठे असतं तर मशीन आठ-पंधरा दिवसांत कधीतरी बंद-चालू झालं असतं आणि घोटाळा तिथल्या तिथे कळला असता. इथे नारळ फुटलेला होता.

संक्रांत झाली. मिल भरात होती. जिनिंगमध्ये रुईचे बारीक तंतू हवेत धुरळ्यासारखे तरंगतात आणि जिथे फट मिळेल तिथे शिरतात. सर्व्हरचा पंखा घरघरायला लागला. प्रेमराज बघून आला आणि म्हणाला, "दाजी, पंखा बोंबली राह्यना. आतमा बठ्ठा कापूस भराई गया. बंद करीसन साफ कराले जोयजे."

"नारळ फोडेल शे," योगराज म्हणाला. "सीझन सरेपर्यंत नही."

"सीझनपर्यंत जळी जाई ते."

प्रेमराजने कधी नव्हे तो हट्ट धरला. दाजींना घेऊन शेठकडे गेला, त्यांना मशीनला हात लावायला लावून ते किती तापलंय ते दाखवलं. शेठनी कुरकुरत परवानगी दिली. मग रविवारी, काटा बंद असताना, प्रेमराजने एकट्याने मशीन बंद केलं, उघडलं, ब्लोअर मारला, पट्ट्या एकेक काढून पुसून परत बसवल्या आणि चालू केलं. पंखा गप्प झाला. योगराज त्या दिवशी एका लग्नाला चोपड्याला गेला होता.

सोमवारी मिलच्या गेटाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागली. सकाळीच काट्यावरच्या कॉम्प्युटरचा पडदा अडकायला लागला. वजनाची एक पट्टी निघायला आधी एक क्षण लागायचा, आता माणसाची तंबाखू मळून व्हायची तरी पट्टी येत नव्हती. मग सगळंच गोठलं. चालू केलं की थोडं चालायचं, पुन्हा गोठायचं. ऊन चढत गेलं तशी रांग मागे मागे वाढत रस्त्यापर्यंत गेली. कुणीतरी मधेच ट्रॅक्टर घुसवला, त्यावरून दोघांची जुंपली. एकाने दुसऱ्याला ट्रॉलीच्या फाळक्यावर आपटलं, त्याच्या डोक्यातून रक्त आलं, आणि ते रक्त पांढऱ्या कपाशीवर पडलेलं बघून रांगेतली माणसं भडकली. काट्याच्या केबिनची काच फुटली. आत बसणारा कारकून टेबलाखाली शिरला.

योगराज आणि प्रेमराज पोचले ते या गोंधळात. केबिनच्या दारातच जितेंद्रने योगराजची कॉलर धरली आणि दोनशे माणसांसमोर त्याच्या थोबाडीत मारली.

"तालुक्यात असं मशीन नाही म्हणतोस ना? बघ हे तुझं मशीन. या लोकांना उत्तर दे."

योगराजच्या आयुष्यात बापाखेरीज कुणी त्याला असं मारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी मारलं असतं तर त्याने तिथेच त्याला आडवा केला असता. पण हा शेठचा मुलगा, आणि मागे फुटलेली काच, आणि समोर ती रांग. हात वर आला आणि त्याने तो स्वतःच दाबून धरला. दाबलेला हात किती वाईट असतो ते पुढच्या काही मिनिटांत सगळ्यांना दिसलं.

तो आत जाऊन सर्व्हरसमोर बसला. मेमरी बघितली. बत्तीस.

त्याने पुन्हा बघितलं. चौसष्टचे बत्तीस. दिवाळीपर्यंत पूर्ण होते, काल मशीन उघडलं आणि आज निम्मे. त्याला दुसरं काही सुचलंच नाही. मशीन बंद करून झाकण उघडलं असतं तर दोन मिनिटांत खरं काय ते कळलं असतं. पण गालावर चटका बसलेल्या माणसाला दोन मिनिटं कुठून येणार?

"पट्ट्या कोठे शेत?" त्याने विचारलं.

प्रेमराज मागेच उभा होता. "आतमाच शेत, दाजी. मी काढ्यात, पुस्यात, परत बसाड्यात."

"आठना चारच राह्यनात. कोठे इक्यात?"

"बहीणनी आन, दाजी. एक बी पट्टी..."

बहिणीची शपथ पुरी व्हायच्या आत योगराजचा पंजा त्याच्या डाव्या कानावर बसला. पूर्ण हाताचा, खांद्यापासून आलेला. प्रेमराज रॅकवर आपटला आणि कान धरून खाली बसला. योगराजने त्याला केसांना धरून उठवलं आणि केबिनच्या बाहेर, काट्याच्या लोखंडी प्लेटवर आणून ढकललं.

"हाऊ चोर शे!" तो ओरडला. "यानी मशीनमातून माल काढी लिधा! म्हणीसन तुमना काटा बंद शे!"

प्रेमराजची पिशवी कुणीतरी ओढून उलटी केली. त्यात डबा होता, पेचकस होते, आणि रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. "हाई देखा!" असा आवाज झाला. एका हमालाने त्या पट्ट्या उंच धरून सगळ्यांना दाखवल्या आणि योगराजच्या हातात दिल्या.

त्या पट्ट्या योगराजच्या दुकानातल्या भंगारातल्या होत्या, बसवायचा हात बसावा म्हणून प्रेमराज जवळ ठेवायचा. घरातल्या साध्या, जुन्या कॉम्प्युटरच्या. पट्टीच्या कडेला एक खाच असते, ती ज्या जागी असते त्यावरून पट्टी कुठल्या मशीनची ते कळतं. यांची खाच निराळ्या जागी होती. या पट्ट्या सर्व्हरमध्ये बसणंच शक्य नव्हतं. योगराजला ते डोळा पडताक्षणी कळलं. हे नीट ऐकून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे: त्याला कळलं. त्याने तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथेच थांबली असती. पण चोर हा शब्द तोंडातून निघून गेला होता, लोक त्याच्याकडे बघत होते, आणि सकाळपासून पहिल्यांदा ते त्याच्या बाजूचे होते. त्याने पट्ट्या खिशात टाकल्या.

सर्व्हर ज्यावर सरकतो तसली एक जादा पोलादी रेल केबिनच्या दाराशी पडली होती. ती त्याने उचलली. प्रेमराजने तोंड वाचवायला हात वर केला तो मनगटाच्या वर मोडला. हाड मोडल्याचा आवाज जवळच्यांना ऐकू आला. मग नवल नावाचा हमाल पुढे झाला, गाठी उचलून उचलून ज्याचे खांदे बैलासारखे झाले होते तो, आणि त्याने पडलेल्या माणसाच्या बरगडीत लाथ घातली. मग आणखी एकजण. मग रांगेतली माणसं ट्रॅक्टरवरून उड्या टाकून आली. ज्यांना काय चोरीला गेलं हे सांगता आलं नसतं, त्यांनीही मारलं. सकाळपासूनचं ऊन, उपास, वजनाच्या पट्टीची वाट, सगळं त्या एका किरकोळ देहावर निघालं. कुणी चप्पल, कुणी ट्रॉलीची साखळी. प्रेमराज आधी ओरडत होता, नंतर नुसता कण्हत होता, आणि नंतर तेही थांबलं.

तो आवाज थांबल्यावर योगराज भानावर आला. "बस! बस करा!" म्हणून ओरडायला लागला. कुणी ऐकेना. त्याने एकाला मागे खेचलं तर त्यालाच एक कोपर बसलं. सुरू त्याने केलं होतं, थांबवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. शेवटी मोतीलाल शेठ स्वतः घरातून धावत आले, त्यांना बघून लोक बाजूला झाले. काट्याच्या प्लेटवर प्रेमराज रुई आणि रक्तात माखून पडला होता. काट्याच्या लाल आकड्यांत त्याचं वजन दिसत होतं.

त्याला टेम्पोत घालून जळगावच्या दवाखान्यात नेलं. योगराज बरोबर जायला निघाला, पण जितेंद्रने त्याला अडवलं. "चोराचं त्याच्या घरचे बघतील. तू मशीन सुरू कर आधी. काय पट्ट्या गेल्यात त्या बसव."

योगराजने सर्व्हर बंद केला आणि कुठल्या जागा रिकाम्या आहेत ते बघायला झाकण उघडलं.

एकही जागा रिकामी नव्हती. आठच्या आठ पट्ट्या जागेवर होत्या. कापसाचा एक तंतू नाही, प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकांची कळ नीट बसलेली. इतकं स्वच्छ काम योगराजने स्वतःही कधी केलं नव्हतं. त्याने पडदा जोडला आणि मशीन चालू केलं. चालू होता होता मशीनने स्वतःच सांगितलं: बसवलेली मेमरी चौसष्ट, वापरायला बत्तीस. आणि शेजारी एक शब्द, मिरर.

झेंडूची फुलं, पुनमचा फोन, मिटलेला लॅपटॉप, सगळं एका दमात आठवलं.

त्याने सेटिंग बदलली आणि मशीन पुन्हा बंद-चालू केलं. त्याला वेळसुद्धा लागला नाही. मशीन चौसष्टवर आलं, वजनाची पट्टी सरसर निघाली, रांगेतून आरोळी उठली. मोतीलाल शेठनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जितेंद्रने सकाळच्या थोबाडीचं मिटवायचं म्हणून स्वतः चहाचा ग्लास आणून दिला आणि विचारलं, "त्याच्या पिशवीत सापडल्या त्याच बसवल्यास ना?"

योगराज म्हणाला, "हो."

पुढे आयुष्यभर त्याला रेलचा फटका आठवायचा त्यापेक्षा हा ‘हो’ जास्त आठवायचा. फटका रागात होता. ‘हो’ म्हणताना त्याला अजिबात राग आलेला नव्हता. तो भ्यालेला होता, आणि आपण भित्रे आहोत हे त्याला वयाच्या चाळिशीत, हातात चहाचा ग्लास धरून पहिल्यांदा कळलं.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा ऊन कलत होतं. पुनम आणि ताईबाई त्याच्याही आधी येऊन बसल्या होत्या. वॉर्ड माणसांनी भरलेला होता. प्रेमराजची खाट भिंतीला लागून होती. हात प्लॅस्टरमध्ये, छातीला पट्टा, एक डोळा सुजून बंद, डाव्या कानावर कापूस. पण शुद्धीवर होता. जगेल, डॉक्टर म्हणाले होते.

पुनम नवऱ्याला बघून उठली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागली. "बरं व्हयनं तुम्ही तठे व्हतात," ती म्हणाली. "नही तर मारीच टाकतात त्याले."

योगराजने मेव्हण्याकडे पाहिलं. प्रेमराज उघड्या डोळ्याने त्याच्याकडेच बघत होता. त्याने बहिणीला एवढंच सांगितलं होतं, की काट्यावर लोकांनी मारलं. दाजींचं नाव घेतलं नव्हतं. मोडलेल्या हाताने, फुटलेल्या कानाने तो अजूनही दोघांच्या मधे उभा होता.

योगराज वाटेत ठरवून आला होता, की त्याच्या कानात सांगायचं, पाय धरायचे आणि माफी मागायची. दोघांत राहील. पोलिसांना काय सांगायचं ते नंतर बघू. तो खाटेवर वाकला आणि कापसाजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाला, की पट्ट्या आतच होत्या, चूक माझी होती, मला माफ कर.

प्रेमराजने मान हलवली. "त्या कानमा काहीच नही ऐकू येत," तो म्हणाला. "हाऊ दुसरा बी नुसता वाजी राह्यना. मोठ्यानी बोला, दाजी."

योगराजने पुनमकडे पाहिलं, ताईबाईकडे पाहिलं, आजूबाजूच्या खाटांवरच्या माणसांकडे पाहिलं. मग जरा आवाज चढवून पुन्हा सांगितलं. प्रेमराजने पुन्हा मान हलवली.

आयुष्यभर हा माणूस ओरडला होता. प्रिंटरवर, रिक्षावाल्यावर, बायकोवर. आणि आता जिथे ओरडायची गरज होती तिथे त्याचा आवाज फुटत नव्हता. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला.

"तू चोर नही शे! पट्ट्या बठ्ठ्या आतमा व्हत्यात! सेटिंग मी करेल व्हती, दिवाळीले, मी इसरी गऊ! तुले पहिले मी मारं! पिशवीमधल्या पट्ट्या त्या मशीनन्या नहीत, हाई बी माले माहीत व्हतं!"

कुठल्यातरी खाटेवरचं मूल रडायचं थांबलं.

पुनमने शेजारचा जेवणाचा डबा उचलला, तसा कड्यासकट, आणि त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. तिने दुसऱ्यांदा हाणला, तिसऱ्यांदा हाणला. डबा उघडून भाजी त्याच्या शर्टावर सांडली. नर्स धावत आली. ताईबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती, गुडघेदुखीमुळे तिला उठवत नव्हतं. ती नर्सला अडवत म्हणाली, "मारू दे तिले. मार वं पोरी. मना हात नही पुरत."

योगराज हलला नाही. रक्त डोळ्यात उतरलं तरी पुसलं नाही. प्रेमराजनेच शेवटी बहिणीला हाक मारली. मग दाजींकडे वळून, ओठ दुखत होते म्हणून थांबत थांबत बोलला.

"आठे सांगीसन काय उपयोग? आठे माले कोन वळखस? तठे बठ्ठास्ना समोर चोर म्हना तुम्ही. तठे जाईसन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलच्या गेटाबाहेर रांग होतीच. योगराज कपाळाला पट्टी बांधून आला आणि थेट काट्याच्या प्लेटवर जाऊन उभा राहिला. चढायला निघालेल्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला. योगराज बाजूला झाला नाही. त्याने खिशातून त्या दोन पट्ट्या काढून वर धरल्या आणि बोलायला सुरुवात केली. काल दवाखान्यात जे ओरडून सांगितलं होतं तेच, तसंच.

जितेंद्र केबिनमधून धावत आला. "गप्प बस. खाली उतर. पोलिसात गेलं तर आमच्या मिलचं नाव येईल," असं दातओठ खात म्हणाला आणि त्याचा दंड धरून ओढायला लागला. योगराजने त्याचा हात सोडवला, पण मारलं नाही. बोलत राहिला.

हमाल काम सोडून जवळ आले. नवल सगळ्यांत पुढे होता. त्याचा चेहरा आधी कोरा होता. मग त्याला कळायला लागलं.

"मी त्यानी बरगडी मोडी," नवल म्हणाला. "तू चोर सांगं म्हणीसन मी मोडी. घर जाईसन पोऱ्यास्ले सांगं मी, आज चोर मारा म्हणीसन."

योगराज म्हणाला, "हा. मी सांगं."

नवलने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. गाठी उचलणाऱ्या हाताचा ठोसा तो. योगराज प्लेटवर पडला. नवलने त्याला शर्टाला धरून उचललं, पुन्हा मारलं, मग पोटात गुडघा घातला, आणि मारता मारता तोच रडायला लागला. योगराजच्या मुठी वळल्या होत्या. दोन्ही. कालच्यासारखंच सगळं अंग त्या मुठींत गोळा झालं होतं, आणि त्याने त्या छातीशी घट्ट धरून ठेवल्या, एकदाही वर आणल्या नाहीत. बाकीचे हमाल बघत उभे राहिले. काल ज्यांनी मारलं होतं त्यातल्या कुणालाच आज पुढे व्हायचं नव्हतं.

नवल थकला आणि प्लेटच्या कडेला डोकं धरून बसला. योगराजच्या तोंडात एक दात सुटा झाला होता, तो त्याने थुंकून टाकला. रांगेच्या शेवटी, रस्त्याच्या बाजूला, काही ट्रॅक्टरवाले उभे राहून विचारत होते, "काय व्हयनं? काय सांगी राह्यना तो?" कालच्या मारणाऱ्यांत तेही होते, आणि त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.

योगराज काट्याच्या कठड्याला धरून उठला, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागला.